एक किनारा, चार प्रवासी

इतिहासाच्या न्यायासनापुढे जे अनेक साक्षीदार येऊन उभे राहतात, त्यांत प्रवासी हा सर्वांत बोलका आणि म्हणूनच सर्वांत संशयास्पद साक्षीदार होय. शिलालेखाला मोजकेच बोलायचे असते. सरकारी दप्तराला आपली बाजू सांभाळायची असते. प्रवाशाला मात्र घरी परतल्यावर चार माणसे आपल्याभोवती जमवायची असतात. मग दहाचे शंभर आणि शंभराचे सहस्र व्हायला वेळ लागत नाही. दुरून डोंगर साजरे दिसतात हे खरेच. शिवाय त्या डोंगराची उंची मोजायला ऐकणाऱ्यांपैकी कोणी जाणार नसते, हेही सांगणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

तरीही या साक्षीदाराला पिंजऱ्यातून हाकलून देता येत नाही. तिथल्या माणसाला जे रोजचेच म्हणून लिहावेसे वाटत नाही, ते परक्याच्या डोळ्यांना चटकन दिसते. तेव्हा प्रवासी खरे बोलला की खोटे, एवढे विचारून इतिहासकाराचे काम भागत नाही. तो कोणत्या नात्याने त्या देशात गेला, कोणाच्या घरी उतरला, कोणाशी बोलू शकला आणि काय शोधत हिंडला, हे त्याला आधी विचारावे लागते. ही कसोटी आज आपण चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर लावून पाहू.

हा किनारा म्हणजे आजचे चच्यांग आणि फूच्येन हे दोन प्रांत. मागे दाट डोंगर, पुढे समुद्र आणि मध्ये शेतीला अपुरी जमीन. त्यामुळे फूच्येनचा माणूस पूर्वापार दर्यावर्दी झाला. उत्तरेस हांगचौ ही दक्षिण सुंग घराण्याची राजधानी, मध्ये फूचौ आणि त्याच्या दक्षिणेस च्वानचौ हे बंदर. इ. स. १०८७ मध्ये सुंग सरकारने च्वानचौला सागरी व्यापाराची कचेरी उघडली आणि पुढे जवळजवळ तीन शतके जगातील अत्यंत गजबजलेल्या बंदरांत त्याची गणना होत राहिली. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर जहाजे येत आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांबरोबर परत जात. या शहराच्या आसपास पांगाऱ्याची झाडे फार. त्यावरून चिनी लोक त्याला ‘त्सथुंग’, म्हणजे पांगाऱ्याचे नगर, म्हणत. अरबांच्या कानांनी त्या शब्दाचे ‘झैतून’ केले. झैतून म्हणजे ऑलिव्ह; आणि त्या झाडाचा तिथे मागमूसही नव्हता! या बंदरातून निघणाऱ्या रेशमी कापडाला अरब ‘झैतुनी’ म्हणत आणि त्यावरूनच आपल्या दुकानांतील ‘साटीन’ हा शब्द आला असावा, असे अनेक कोशकार मानतात.

पहिला साक्षीदार व्हेनिसचा मार्को पोलो. इ. स. १२७५ च्या सुमारास तो कुब्लाईखानाच्या दरबारी पोचला. दुसऱ्याच वर्षी, १२७६ मध्ये, हांगचौ मोंगलांच्या हाती पडले. सुमारे सतरा वर्षे खानाच्या सेवेत काढल्यावर, इराणच्या अर्घुनखानासाठी निवडलेल्या मोंगल राजकन्येच्या लव्याजम्याबरोबर तो याच झैतूनहून मायदेशी निघाला. १२९८ मध्ये जिनोआच्या तुरुंगात असताना, रुस्तिकेलो नावाच्या एका कथालेखक सोबत्याकडून त्याने आपल्या आठवणी लिहवून घेतल्या.

मार्कोचे हांगचौ म्हणजे निव्वळ आकड्यांचे नगर. तिथे बारा हजार दगडी पूल, शंभर मैलांचा घेर, दहा मोठे चौक. नगरात रोज किती मिरी खपते, हे जकातखात्यातील एका अंमलदाराच्या हवाल्याने तो सांगतो: त्रेचाळीस बोजे आणि प्रत्येक बोजा दोनशे तेवीस पौंडांचा. म्हणजे दिवसाला साडेनऊ हजार पौंडांहून अधिक. आता बारा हजार पुलांची गोष्ट उघडच अतिशयोक्तीची आहे. चिनी स्थलवर्णनांवरून ती संख्या काही शेकड्यांपलीकडे जात नाही. मिरीच्या आकड्याची जात मात्र वेगळी आहे. तो वही ठेवणाऱ्या माणसाकडून आलेला आहे आणि ज्याचा बाप व चुलता दोघेही व्यापारी, अशा माणसाच्या तो ध्यानात राहिला आहे. जे मोजायचा त्याला सराव होता ते त्याने बरे मोजले. जे पाहून डोळे दिपले त्याला बारा हजार म्हटले.

मार्कोवर आणखी एक मोठा आरोप आहे. तो चहाचा उल्लेख करीत नाही, चिनी लोकांच्या जेवणाच्या काड्यांचा करीत नाही, चीनच्या भिंतीचाही करीत नाही. मग तो चीनला गेला तरी होता का? १९९५ मध्ये फ्रान्सिस वुड या विदुषींनी एक अख्खे पुस्तक लिहून हा प्रश्न जगापुढे मांडला. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी आपल्या कसोटीतच आहे. मार्को हा जिंकणाऱ्यांचा नोकर होता. त्याची ऊठबस मोंगल आणि इराणी अंमलदारांत होती. म्हणूनच त्याच्या पुस्तकात चिनी गावांची नावेसुद्धा पुष्कळदा इराणी वळणाने येतात. जित लोकांच्या घरात कोणता काढा उकळत होता, हे ओसरीवरून दिसण्यासारखे नव्हते. भिंतीचे म्हणाल, तर आज चित्रांत दिसणारी दगडविटांची भिंत पुढे मिंग घराण्याच्या काळी बांधली गेली.

त्याच्या बाजूचा पुरावाही आहे. १९४१ मध्ये यांग चिच्यू या चिनी संशोधकांनी ‘युंगल’ नावाच्या प्रचंड मिंग ज्ञानकोशात उतरवून घेतलेले १२९० सालचे एक सरकारी पत्र प्रसिद्ध केले. अर्घुनखानाकडे सागरी मार्गाने निघालेल्या तीन दूतांची नावे त्यात आहेत. आणि मार्कोने सांगितलेली तीन नावे त्यांच्याशी जुळतात. १९७४ मध्ये तर च्वानचौच्या खाडीतील चिखलानेच साक्ष दिली. तिथे सुंग काळाच्या अखेरचे एक बुडालेले जहाज सापडले. त्यात सुगंधी लाकडे होती, मिरी होती, सुपारी होती. आणि आडव्या तक्तपोशींनी त्याच्या पोटाचे तेरा बंद कप्पे पाडलेले होते. एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीचे कोरडे राहावेत, अशी ही योजना. मोठ्या चिनी जहाजांना असे तेरा कप्पे असतात, असे मार्को पोलोने लिहून ठेवले होते. पुलांच्या बाबतीत चुकलेला मनुष्य कप्प्यांच्या बाबतीत नेमका बरोबर निघाला!

दुसरा साक्षीदार मोरोक्कोतील तांजिरचा इब्न बतूता. याची वाट आपल्या अंगणातून गेली आहे. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याने १३४२ मध्ये त्याला आपला वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे धाडले. जाताना तो दौलताबादेस आला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयीही त्याने लिहिले आहे: हे लोक कारागिरीत कुशल आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, भात, भाज्या आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार. पुढे कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात नजराण्याची जहाजे बुडाली आणि वकील महाशय रिकाम्या हातांनी उरले. मालदीव, सिंहलद्वीप, बंगाल, सुमात्रा अशी वळणे घेत १३४५ च्या सुमारास ते झैतूनला पोचले.

इब्न बतूता म्हणतो, या बंदरात शंभरेक मोठी जहाजे मी पाहिली. लहान तर अगणित. चीनची व्यवस्था पाहून तो थक्क झाला. प्रवाशाने एकट्याने बरोबर भरपूर द्रव्य घेऊन नऊ महिने हिंडावे, त्याच्या केसाला धक्का लागत नाही. प्रत्येक मुक्कामाच्या धर्मशाळेत रात्री अंमलदार येतो, उतारूंची नावे लिहून घेतो आणि दरवाजाला कुलूप लावतो. सकाळी पुन्हा मोजदाद करून पुढच्या मुक्कामापर्यंत माणूस बरोबर देतो. बाजारात सोन्याचांदीचे नाणे चालत नाही, कागदाची नोट चालते. आणि एक चमत्कार: शहरातून एकदा गेलेला परदेशी परत येतो, तो भिंतीवर त्याचे हुबेहूब चित्र! गुन्हा करून पळाला तर त्याला ओळखता यावे म्हणून चिताऱ्यांकडून गुपचूप काढून घेतलेले.

एवढी सुरक्षितता, एवढी समृद्धी. आणि तरीही हा मनुष्य स्पष्ट लिहितो की, हा देश मला रुचला नाही. मूर्तिपूजेचा सुळसुळाट पाहून त्याचा जीव घुसमटे आणि म्हणून तो फारसा घराबाहेरच पडत नसे. ही कबुली मोलाची आहे. इब्न बतूता पेशाने काजी. प्रत्येक मोठ्या नगरात मुसलमान व्यापाऱ्यांची वेगळी वस्ती होती, तिथे त्याचा काजी होता, शेख होता. या वस्तीतून त्या वस्तीत असा त्याचा प्रवास झाला. वाटेत एका नगरात त्याला मोरोक्कोच्या शेजारचाच, सेउता गावचा एक विद्वान भेटला. दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. पुढे काही वर्षांनी सहारा वाळवंटाच्या काठी, सिजिलमासा येथे, इब्न बतूता त्याच विद्वानाच्या भावाच्या घरी उतरला! घराची एवढी ओढ असलेल्या माणसाने चीनमध्ये आपले घरच शोधले, यात नवल नाही. म्हणूनच बंदर, धर्मशाळा आणि नोटा यांविषयी त्याचे ऐकावे. चिनी माणसाच्या मनाविषयी त्याला विचारू नये. उत्तरेकडे राजधानीपर्यंत तो खरोखर गेला होता का, याविषयीही विद्वानांना शंकाच आहे.

तो खिडकी लावून बसला होता, त्या काळात त्या नगरात किती देवांना जागा होती, ते दगडांनी सांगितले आहे. अकराव्या शतकाच्या आरंभीची मशीद तिथे आजही उभी आहे. १२८१ चा एक तमिळ शिलालेख तिथे सापडला असून, संबंध पेरुमाळ नावाच्या गृहस्थाने खानाच्या कल्याणार्थ शिवाची प्रतिष्ठापना केल्याचे त्यात कोरलेले आहे. खाययुआन या बौद्ध मंदिराच्या मागील बाजूस नरसिंह आणि कृष्णलीला कोरलेले दगडी खांब आहेत. मोडून पडलेल्या हिंदू देवळाचे ते अवशेष. हे देऊळ बांधणाऱ्यांनी प्रवासवर्णन लिहिले नाही. ते तिथे राहिले आणि त्यांनी व्यापार केला. पुढे या बहुरंगी वस्तीवर घाला आला. १३५७ ते १३६६ या काळात तिथल्या इराणी पलटणीच्या बंडाने नगर होरपळले आणि बंड मोडताना परदेशीयांची मोठी कत्तल झाली. १३६८ मध्ये मिंग घराणे आले, त्याने खाजगी सागरी व्यापारास बंदी घातली आणि झैतूनचे वैभव ओसरले.

बंदी आली म्हणजे चोरटा व्यापार आलाच. तिसरा साक्षीदार आपल्याला तिथेच भेटतो: गालेओते पेरैरा, पोर्तुगीज सरदारपुत्र आणि चोरटा व्यापारी. १५४८ मध्ये चू वान या करड्या चिनी अंमलदाराने निंगपोजवळच्या बेटावरील चोरट्या व्यापाऱ्यांचा तळ उद्ध्वस्त केला आणि १५४९ मध्ये फूच्येनच्या दक्षिण टोकाला दोन जहाजे पकडली. पकडलेल्यांपैकी शहाण्णव जणांची त्याने तडकाफडकी मुंडकी उडवली. पेरैरा वाचला. त्याला कैदी म्हणून फूचौला नेले आणि तिथून डोंगर ओलांडून पार पश्चिमेकडील क्वांगशी प्रांतात.

या कैद्याने चीन पाहिला तसा आधीच्या दोघांपैकी कोणी पाहिला नव्हता. त्याने लांबच लांब दगडी चिरांचे पूल पाहिले आणि ते चिरे कोणी कसे उचलून ठेवले असतील, याचा विचार केला. त्याने फरसबंद वाटा पाहिल्या, दोन काड्यांनी जेवणारी माणसे पाहिली, माणसांचा मैला विकत घेऊन शेतात घालणारे शेतकरी पाहिले, पाणकावळ्यांकडून मासे धरविणारे कोळी पाहिले. रस्त्यात भिकारी दिसेनात, म्हणून त्याने चौकशी केली. तेव्हा आंधळ्या-पांगळ्यांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी प्रत्येक नगरात घरे बांधलेली आहेत, असे त्याला कळले. एक विलक्षण प्रश्न याच कैद्याला सुचला: आम्ही या देशाला चीन म्हणतो, पण इथे तर तो शब्द कोणाच्याच तोंडी नाही! त्याने लोकांना खोदून खोदून विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘ता मिंग’. मिंग घराण्याचे ते नाव.

पण त्याच्या साक्षीचा गाभा निराळाच आहे. त्याने बांबूच्या फटक्यांनी रक्तबंबाळ झालेली माणसे पाहिली, खचाखच भरलेले तुरुंग भोगले. त्या छळाचे त्याने काहीही लपवलेले नाही. तरीही तो चिनी न्यायाची वाखाणणी करतो. कारण असे घडले की, शहाण्णव जणांच्या शिरच्छेदाची तक्रार राजधानीपर्यंत गेली, चौकशीसाठी अधिकारी आले, साक्षी सर्वांसमक्ष उघड्यावर झाल्या आणि चू वान दोषी ठरला. त्याने विष घेऊन आत्महत्या केली. परदेशी, भाषा न येणारे, चोरट्या व्यापारात सापडलेले हे कैदी. आणि त्यांच्यासाठी एवढ्या मोठ्या अंमलदाराला जाब विचारला गेला! आमच्या ख्रिस्ती देशांत अनोळखी परक्याला असा न्याय मिळाला असता का, असे पेरैरा स्वतःच्याच देशबांधवांना विचारतो. अर्थात चू वानच्या पाडावामागे चोरट्या व्यापारात हात गुंतलेल्या फूच्येनच्या बड्या घराण्यांचेही राजकारण होते आणि ते कैद्याच्या कोठडीतून पुरते दिसण्यासारखे नव्हते. तेवढी वजावट करूनही, ज्याने फटके पाहिले त्याने केलेली स्तुती पाहुणचार घेतलेल्याच्या स्तुतीहून वजनदार असते, हे मान्य करावे लागते.

पेरैरा पुढे निसटला आणि त्याने आपली हकीकत लिहिली. तिची १५६१ सालची नक्कल गोव्यातील संत पॉलच्या विद्यालयातील मुलांनी उतरवून काढली आणि तिथून ती युरोपला रवाना झाली. १५६५ मध्ये व्हेनिसमध्ये ती इटालियनमध्ये, संक्षिप्त रूपात, छापली गेली आणि १५७७ मध्ये इंग्रजीत आली. फूच्येनचा तुरुंग, गोव्याची शाळा आणि लंडनचा छापखाना यांना जोडणारा हा धागा विसरण्यासारखा नाही.

चौथा साक्षीदार आपल्या घरातल्या रोजच्या कपाशी संबंधित आहे. स्कॉटलंडचा रॉबर्ट फॉर्च्यून हा पेशाने माळी, वनस्पतींचा जाणकार. पहिल्या अफूयुद्धानंतर, १८४२ च्या नानकिंग तहाने चीनची पाच बंदरे इंग्रजांना खुली झाली. त्यांत फूचौ आणि अमॉय ही फूच्येनची दोन होती. परदेशीयाने बंदराच्या आसपास हिंडावे, आत जाऊ नये, असा निर्बंध होता. १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने फॉर्च्यूनला नेमले ते नेमके आत जाण्यासाठी: हिमालयातील सरकारी मळ्यांसाठी उत्तम चहाची रोपे, बी आणि कसबी कारागीर आणावेत म्हणून.

त्याने डोके भादरून घेतले, शेंडीला खोटी वेणी जोडली, चिनी वेष चढवला आणि भिंतीपलीकडच्या दूरच्या प्रांतातला गृहस्थ म्हणून तो डोंगरांत शिरला. हजामत करणारा असा अनाडी की, फॉर्च्यूनच्या डोळ्यांतून पाणी आले. १८४९ मध्ये तो फूच्येनच्या प्रसिद्ध वूयी डोंगरात पोचला आणि देवळांतील पुजाऱ्यांचा पाहुणा झाला. हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन वेगळी झाडे, अशी युरोपची समजूत होती. एकाच जातीच्या पानांवर वेगळी क्रिया केली म्हणजे हा भेद पडतो, हे त्याने आपल्या आधीच्या सफरीतच पाहून १८४७ मध्ये लिहिले होते. आता हिरव्या चहाच्या कारखान्यात त्याने आणखी एक प्रकार पाहिला. परदेशी गिऱ्हाइकाला चहा हिरवागार हवा, म्हणून मजूर त्यात निळा रंग आणि जिप्सम मिसळीत होते. त्यांचे हात निळे पडलेले. स्वतः चिनी लोक तो चहा पीत नसत.

फॉर्च्यूनची नजर माळ्याची. माती, उतार, ऊन, खत, पाने खुडण्याची पद्धत, यांविषयी तो लिहितो ते आजही भरवशाने वाचावे. चिनी गरिबाच्या जेवणाविषयी तो म्हणतो की, आमच्या स्कॉटलंडमधल्या मजुराच्या रांधण्याला याची सर नाही. त्याच्या मनात गोऱ्या साहेबाचा तोरा होताच. पण मजुराची ताटली पाहताना तो गळून पडलेला दिसतो. मात्र ज्या लोकांनी त्याला जेवू घातले, त्यांच्याच उपजीविकेचा कणा तो पेट्यांत भरून नेत होता. काचेच्या बंद पेट्यांत ओल्या मातीत पेरलेले बी समुद्रावरच उगवले. हजारो रोपे १८५१ मध्ये कलकत्त्यामार्गे सहारनपूरच्या सरकारी बागेकडे आणि तिथून हिमालयाच्या उतारांवर गेली. त्याबरोबर चिनी कारागीरही करारावर आले. आसामच्या जंगलात चहाचे देशी झाड याआधीच सापडले होते आणि पुढे मळ्यांत त्याचाच वरचष्मा झाला. पण चहा खुडून, वाळवून, मळून तयार करण्याचे कसब या चिनी माणसांकडून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बाजारात हिंदी चहाने चिनी चहाला मागे टाकले. वूयीच्या डोंगरात त्याचा अर्थ काय झाला असेल, हे सांगायला नको.

चौघांच्या साक्षी अशा एकापुढे एक ठेवल्या म्हणजे काय दिसते? खानाच्या नोकराने संपत्ती पाहिली, काजीने सुरक्षितता पाहिली आणि एकटेपण भोगले, कैद्याने न्याय पाहिला, माळ्याने हिरवी पाने पाहिली. कोणी सर्वस्वी खोटा नाही; कोणी संपूर्ण नाही. एक गोष्ट मात्र विचारात टाकणारी आहे. त्या देशाच्या लोकांविषयी सर्वांत उदार शब्द लिहिणारा पेरैरा हाच चौघांत सर्वांत दुबळ्या स्थितीत होता. ज्याला कोणावर हुकूम चालवायचा नव्हता, ज्याचे प्राण परक्यांच्या न्यायबुद्धीवर अवलंबून होते, त्याने त्यांचे नाव विचारले. बाकीच्यांना ते विचारण्याची गरज पडली नाही.

२०२१ मध्ये च्वानचौच्या जुन्या वास्तूंना जागतिक वारशाचा मान मिळाला. मशीद, खाययुआन मंदिर आणि १०५९ मध्ये पुरा झालेला लोयांगचा दगडी पूल, ज्याचे पायथे कालवांची वाढ करून एकजीव केले होते, हे सारे त्यात आले. प्रवासी गेले, त्यांनी पाहिलेल्या वास्तू पुष्कळ अंशी उभ्या आहेत आणि त्यांच्या पुस्तकांशी त्या आजही पडताळून पाहता येतात. पण जकातखात्याचा तो अंमलदार, उघड्यावर साक्षी ऐकणारे ते न्यायाधीश, निळ्या हातांचे ते मजूर, करारावर सही करून हिमालयात आलेले ते कारागीर, यांची गाठ आपल्याला परक्यांच्या पुस्तकांतूनच पडते. प्रवासवर्णन वाचताना लेखकाच्या खांद्यावरून पलीकडे पाहावे ते यांच्यासाठी.